उजेडामागची लाट

उजेड ज्या वाटेने जातो ती वाट त्याच्या जाण्याने बदलत नाही, अशी समजूत माणसाने हजारो वर्षे बाळगली. आणि ती बाळगण्याला तसेच कारणही होते. पणतीचा प्रकाश खिडकीच्या काचेतून अंगणात उतरतो. काच जागची हलत नाही. सूर्याचे किरण पाण्यात शिरताना वाकतात. पण किती वाकायचे ते पाणी ठरवते, किरण नव्हे. माध्यमाने नियम सांगावा आणि प्रकाशाने तो निमूटपणे पाळावा, हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला, की त्याबद्दल कोणी शंका घ्यावी असे काही घडलेच नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ते घडले. प्रकाश पुरेसा प्रखर असला आणि तो अतिशय थोड्या वेळात कोंडलेला असला, तर तो माध्यमाचा नियम पाळत नाही, नियमच बदलून टाकतो, असे दिसून आले. असा प्रकाश आपले भिंग आपणच घडवतो आणि आपल्या मागे एक लाट उठवत जातो. त्या लाटेवर स्वार झालेले विद्युत्कण काही सेंटिमीटरांत जे बळ कमावतात, ते कमावण्यासाठी एरवी शेकडो मीटर लांबीची यंत्रे उभारावी लागतात. या शोधाच्या इतिहासात वाईला जन्मलेले एक शास्त्रज्ञ आहेत, श्रीनगरला जन्मलेला एक अलौकिक बुद्धीचा तरुण आहे आणि मुंबईत कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी उभी असलेली एक प्रयोगशाळाही आहे. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम ज्या माध्यमातून हा प्रकाश जातो त्याची ओळख करून घेऊ. वायू फार तापला, किंवा त्यातून विजेचा जोरदार लोट गेला, की त्याच्या अणूंची मोडतोड होते. विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटे होतात आणि उरलेले जड, धनभारित आयन त्यांच्या सोबतीला राहतात. या अवस्थेला अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. आपल्या मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘आयनद्रायु’ असा शब्द योजला आहे. सूर्य हा या आयनद्रायूचाच गोळा. ट्यूबलाइटच्या नळीत तोच असतो. आणि पावसाळ्यात अर्जुनी मोरगावकडे धानाच्या बांधीत रोवणी चाललेली असताना आभाळ फाडून जी वीज कोसळते, तिची ती लखलखती रेघ म्हणजेही क्षणभर टिकणारा प्लाझ्माच होय.

प्लाझ्मातून लहरी कशा जातात, हा प्रश्न लेसरच्या पुष्कळ आधीचा आहे. तो रेडिओबरोबर जन्मला. १९०१ साली मार्कोनींनी अटलांटिकपलीकडे बिनतारी संदेश पोहोचवला, तेव्हा सरळ जाणारी लहर पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून कशी गेली, याचे कोडे पडले. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी सुचवले, की आकाशात उंचावर विद्युत्भारित थर असावा. १९२४ साली ॲपल्टन यांनी तो प्रयोगाने दाखवला. ज्या घरांत एकेकाळी दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ लागत असे, त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना हा थर ठाऊक नसेल, पण त्याचा उपकार ठाऊक आहे. कोलंबोहून निघालेली लघुलहर त्या आकाशातल्या आरशावर आदळून विदर्भातल्या गावात उतरत होती.

या आरशाचा नियम साधा आहे. प्लाझ्मातील विद्युत्कण पहारेकऱ्यांसारखे असतात. लहर संथ लयीची असली, तर त्यांना तिच्याबरोबर हालायला सवड मिळते आणि ते तिला परत फिरवतात. लहर द्रुत असली, तर ते वळण्यापूर्वीच ती निसटून जाते. पहारेकरी जितके दाट, तितकी अधिक द्रुत लहर त्यांना अडवता येते. आकाशातला थर विरळ, म्हणून तो रेडिओची लहर परतवतो आणि ताऱ्यांचा प्रकाश खाली येऊ देतो. प्रकाशालाही परत फिरवायचे, तर प्लाझ्मा फारच दाट लागतो; एका घनसेंटिमीटरात एकावर एकवीस शून्ये इतक्या संख्येचे विद्युत्कण हवेत. लहर दुबळी असो की सबळ, नियम एकच, असे सर्वजण धरून चालले होते.

१६ मे १९६० रोजी मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला. तीन वर्षे झाली नाहीत तोच लेसरचा झोत भिंगाने एका बिंदूवर आणला असता निव्वळ हवेत ठिणगी पेटते, असे दिसून आले. दारू नाही, वात नाही, आणि मोकळ्या हवेत फटाका! प्रकाशाने हवेचे अणू फोडून आपल्यापुरता प्लाझ्मा तयार केला होता. माध्यम बदलण्याची ताकद प्रकाशात आहे, याची ही पहिली ठळक खूण.

त्याआधीच, १९५६ साली, खारकोव्ह येथील आखिएझर आणि पोलोविन या दोघांनी अतिशय प्रबळ लहर प्लाझ्मातून कशी जाईल याचे गणित मांडून ठेवले होते. तेव्हा तशी लहर कुठेच नव्हती. त्या गणिताचा अर्थ प्रकाशाच्या संदर्भात लख्ख झाला तो १९७० साली, प्रिन्स्टनमध्ये. तेथे जॉन डॉसन या शास्त्रज्ञांबरोबर प्रद्युम्न कृष्ण कौ, म्हणजेच प्रेधिमन कौ, काम करीत होते. १९४८ साली श्रीनगरला जन्मलेल्या कौ यांनी १९६६ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, दिल्लीच्या आयआयटीची डॉक्टरेट मिळवली होती. त्या संस्थेची ती पहिलीच डॉक्टरेट. प्रिन्स्टनच्या लेखाच्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस.

कौ आणि डॉसन यांचे म्हणणे असे, की प्रकाश फार प्रखर असला तर त्यात सापडलेले विद्युत्कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने हेलकावे खाऊ लागतात. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादानुसार अशा वेगाने कणाचे जडत्व वाढते. म्हणजे पहारेकरी जड झाले! ते आता वेळेवर वळू शकत नाहीत, आणि जो दाट प्लाझ्मा दुबळ्या प्रकाशाला परतवून लावत होता, तोच प्रबळ प्रकाशाला पारदर्शक होतो. दार तेच, पहारेकरी तेच. येणाऱ्याचे बळ वाढले तसा दाराचा कायदा बदलला.

याच विचाराचे दुसरे फळ असे. लेसरच्या झोताचा मध्यभाग अधिक प्रखर, कडा मंद. म्हणून मध्यावरचे विद्युत्कण अधिक जड होतात आणि मध्यातल्या प्रकाशाची लहर कडेच्या मानाने किंचित रेंगाळते. नेमके हेच बहिर्गोल भिंगात घडते. एरवी कोणताही झोत पुढे जाता जाता पसरतो. हा मात्र प्लाझ्माचेच भिंग करून स्वतःला आवळून धरतो.

पुढची पायरी समजण्यासाठी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधच्या तलावाकडे जाऊ. डोंगरांच्या कुशीतला हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. पाण्याची चाल ओळखून बांध घालण्यात या भागातला कोहळी समाज पहिल्यापासून वाकबगार. अशा शांत तलावातून नाव वेगाने गेली, की तिच्या मागे पाणी उचलते आणि लाटांची एक माळ तिच्या पाठोपाठ चालू लागते. पाणी स्वतः फारसे पुढे जात नाही, जागच्या जागी वरखाली होते. पण लाट मात्र नावेच्याच वेगाने धावते. एखादा हलका ओंडका त्या लाटेच्या उतारावर नेमका सापडला, तर तोही तिच्याबरोबर ओढला जातो.

१९७९ साली तोशिकी ताजिमा आणि तेच जॉन डॉसन यांनी नावेच्या जागी प्रकाश ठेवला. डॉसन आता कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस अँजेलिसला, आले होते. त्यांनी दाखवले, की प्रखर लेसरचा आखूड स्पंद प्लाझ्मातून जाताना आपल्या दाबाने विद्युत्कणांना बाजूला सारतो. जड आयन जागेवर राहतात. स्पंद पुढे गेला, की आयन विद्युत्कणांना मागे ओढतात. ते वेगाने परततात, वेगाच्या भरात पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. अशा रीतीने प्रकाशामागे विद्युत्कणांची लाट उठते आणि ती जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने धावते. नेहमीच्या त्वरकयंत्रात दर मीटरला काही कोटी व्होल्टचे बळ देता येते. त्याहून जास्त ताण दिला तर धातूच्या भिंतींवर ठिणग्या पडू लागतात. प्लाझ्माची आधीच मोडतोड झालेली, तिथे आणखी मोडायचे ते काय? म्हणून या लाटेत दर मीटरला शंभर अब्ज व्होल्टपर्यंतचे बळ संभवते. स्टॅनफर्ड येथील रेषीय त्वरकाची लांबी तीन किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या हजारपटीचे मोल कळेल.

अट एकच होती. स्पंद अगदी आखूड हवा, लाटेच्या लांबीच्या निम्म्याएवढा. ती लाट काही शतांश मिलिमीटर लांबीची. म्हणजे प्रकाशाचा स्पंद केसाच्या जाडीहूनही आखूड आणि तरीही प्रचंड प्रखर! १९७९ साली असा लेसर कोणाजवळही नव्हता.

येथे वाईचे चंद्रशेखर जनार्दन जोशी या कथेत येतात. कृष्णाकाठचे वाई हे ढोल्या गणपतीचे आणि घाटांचे गाव. मराठी विश्वकोशाचे कामही याच गावी चालत आले आहे. तेथे १९५३ साली जन्मलेल्या जोशी यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण पुरे केले, १९७८ साली हल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, कॅनडात काही काळ संशोधन केले आणि १९८० साली ते डॉसन यांच्याच विद्यापीठात दाखल झाले. कौ यांच्याबरोबर गणित मांडणाऱ्या डॉसन यांना आता ते गणित प्रयोगात उतरवणारा मिळाला.

आखूड स्पंद नाही, तर लाट उठवायची कशी? जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी युक्ती धरली. दोन तंबोरे जवळजवळ एकाच स्वरात लावले, पण किंचित फरक राहिला, तर नाद एका लयीत वाढतो आणि ओसरतो, हे आपल्याकडे गाण्याची बैठक ऐकणाऱ्या कोणालाही माहीत आहे. त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरचे किंचित वेगळ्या तरंगलांबीचे दोन झोत एकत्र सोडले आणि त्यांच्या या ठोक्यांची लय प्लाझ्माच्या स्वाभाविक लयीशी जुळवली. लहान मुलाचा झोपाळा नेमक्या वेळी हलके ढकलत राहिले तर तो उंच जातो, तसा हा प्रकार. १९८५ साली लाट उठल्याचा पुरावा मिळाला. १९९३–९४च्या सुमारास बाहेरून आत सोडलेल्या विद्युत्कणांचे बळ वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून एका सेंटिमीटरात तीन कोटींच्या जवळ गेले. आकडा लहान होता. पण कागदावरची लाट खरी आहे आणि तिच्यावर स्वार होता येते, हे सिद्ध झाले.

दरम्यान आखूड स्पंदाची अडचणही सुटत होती. प्रखर स्पंदाची शक्ती वाढवावी, तर तो लेसरचा स्फटिकच फोडून टाकी. १९८५ साली रॉचेस्टर येथे जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलँड यांनी यावर जो उपाय काढला तो समजायला पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांपुढे आणावी. पूल अरुंद असेल तर सगळी दिंडी एकदम पुलावर नेत नाहीत. माणसे एकामागे एक अशी लांब रांगेत सोडतात, आणि पलीकडे मैदान आले की पुन्हा सगळी एकत्र येतात. त्यांनी स्पंद प्रथम ताणून लांब केला, त्या मंद अवस्थेत त्याची शक्ती वाढवली आणि शेवटी पुन्हा आखूड केला. या कामाबद्दल दोघांना २०१८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता या स्पंदांचे माप पाहा. एका सेकंदाचे एक कोटी अब्ज भाग करा; तसल्या शंभर भागांना दहा फेम्टोसेकंद म्हणतात. पंचवीस फेम्टोसेकंद आणि एक सेकंद यांच्यात जे प्रमाण, तेच एक सेकंद आणि बारा लाखांहून अधिक वर्षे यांच्यात. तेवढ्या वेळात प्रकाशही साऱ्या साडेसात सहस्रांश मिलिमीटरच जातो. शंभर टेरावॅटच्या अशा स्पंदाची शक्ती जगातल्या सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या कितीतरी पट असते; पण त्यातली ऊर्जा मोजली तर अडीच जूल, म्हणजे फराळासाठी आणलेली पाव किलो रव्याची पुडी जमिनीवरून उचलून मीटरभर उंचीच्या फळीवर ठेवायला लागते एवढीच. सारी करामत ऊर्जेच्या साठ्यात नाही, ती किती थोड्या वेळात आणि किती थोड्या जागेत खर्च होते यात आहे.

असे लेसर हाती आले, तरी लाटेवरून निघणारे विद्युत्कण बरीच वर्षे जत्रेतल्या गर्दीसारखे होते. कोणाचे बळ जास्त, कोणाचे कमी. २००४ साली ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका येथील तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केले, की लेझीमपथकासारखे एका तालात चालणारे, जवळजवळ सारख्या बळाचे विद्युत्कण त्यांना मिळाले. बळ सात ते सतरा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लांबी काही मिलिमीटर. १९७९चा विचार पुरा पंचवीस वर्षे वाट पाहत होता.

पण स्पंदाचा प्रवास लांबवायचा कसा? तो पसरतो, लाट उठवता उठवता त्याची ऊर्जा सरते, आणि प्लाझ्मात त्याचा वेग किंचित कमी असल्याने विद्युत्कण लाटेच्या पुढे निघून जातात. यावर उपाय म्हणून प्लाझ्मा विरळ ठेवला आणि त्यात पाटासारखी वाट आखली: मध्ये विरळ, कडांना दाट. पाटात पाणी राहते तसा प्रकाश त्या वाटेत राहतो. बर्कली येथे विम लीमन्स यांच्या गटाने २००६ साली ३.३ सेंटिमीटरांत शंभर कोटी, आणि २०१९ साली वीस सेंटिमीटरांत ७८० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचा पल्ला गाठला. लीमन्स हे जोशी यांचेच विद्यार्थी. खुद्द जोशी यांनी सहकाऱ्यांसह स्टॅनफर्डला लेसरऐवजी विद्युत्कणांच्याच पुंजक्याने लाट उठवली आणि ४,२०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही कणांचे बळ मीटरभराहून कमी अंतरात दुप्पट केल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. २००६चे मॅक्सवेल पारितोषिक आणि २०२३चे आल्फवेन पारितोषिक, हे त्यांचे मानसन्मान.

इकडे भारतात काय चालले होते? कौ १९७१ साली मायदेशी परतले आणि पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. इंदूरला दिलीप देवीदत्त भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली लेसरविद्येचे मोठे केंद्र उभे राहिले. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथेही प्रकाशाच्या लाटेवर विद्युत्कण पळवले गेले आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांनी प्रखर, आखूड स्पंदांची प्रयोगशाळा उभारली. २००२ साली त्यांनी, धर्माधिकारी प्रभृती सहकाऱ्यांनी आणि गांधीनगरच्या कौ व मंडळींनी मिळून दाखवले, की घन पदार्थावर असा स्पंद पडला असता क्षणार्धात दशलक्षावधी गॉसचे चुंबकत्व निर्माण होते. आपल्या पृथ्वीचे चुंबकत्व साधारण अर्ध्या गॉसचे! ताऱ्यांच्या परिसरातला असा खेळ कुलाब्याच्या टेबलावर मांडला गेला. २०१५ साली रवींद्र कुमार यांना इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

त्याच संस्थेतला एक प्रयोग तर गमतीदारच आहे. एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या लक्ष्यावर आतड्यात राहणाऱ्या साध्या ई-कोलाय जंतूंचा थर दिला. २०१२ साली त्यांनी कळवले, की तेवढ्याने क्ष-किरणांचे उत्सर्जन शंभरपटीहून अधिक वाढते. जंतूंचा सूक्ष्म आकार प्रकाशाला पदार्थात अधिक खोल गुंतवतो. कोट्यवधींच्या लेसरला अशा फुकट मिळणाऱ्या मदतनिसाची जोड द्यावी, हे आपल्या मातीतल्या काटकसरीला शोभणारेच म्हणायचे.

वाचक विचारतील, की याचा आम्हाला उपयोग काय? उत्तर सरळ देतो. कर्करोगावर प्रोटॉनचे उपचार करणारे यंत्र एक अख्खी इमारत व्यापते. टाटा स्मारक केंद्राचे असे यंत्र खारघरला आहे. अर्जुनी मोरगावच्या रोग्याला तेथे पोहोचायचे, तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत यावे लागते. प्रखर लेसर पातळ पत्र्यातून प्रोटॉनही फेकू शकतो. त्वरक लहान झाले, तर अशी यंत्रे मोठ्या शहरांतच का असावीत, हा प्रश्न विचारता येईल. आज मात्र ही विद्या रुग्णालयाच्या दारात पोहोचलेली नाही. एक स्पंद दुसऱ्यासारखा हुबेहूब निघायला हवा, सेकंदाला हजारो निघायला हवेत, आणि लेसरची किंमत उतरायला हवी. एका लाटेवरचे विद्युत्कण दुसऱ्या लाटेच्या हवाली करता येतात, एवढे बर्कलीच्या मंडळींनी २०१६ साली दाखवले आहे. त्या साखळीच्या पुढच्या कड्या अजून जोडायच्या आहेत.

डॉसन २००१ साली गेले, कौ २०१७ साली. त्यांनी गणित मांडले तेव्हा त्याला लागणारा प्रकाश या जगात नव्हता. तरी ते त्यांनी नीट मांडून ठेवले आणि पुढच्यांनी तेथूनच काम उचलले. आता उरलेल्या कड्या जोडणाराही कुठल्या तरी गावात आज शाळेत जात असेल. ते गाव वाई असू शकले, तर अर्जुनी मोरगाव का नसावे?